टेनेब्रस आणि तमिस्रा

इंग्रजीत काळोखासाठी एक जड शब्द आहे, टेनेब्रस. रोजच्या बोलण्यात तो नाही, जुन्या कवितांत भेटतो. नुसतं अंधारलेलं नव्हे. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये इतकं मिट्ट, मनावर दडपण आणणारं.

परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड आला की हा शब्द इंग्रजांनी आपल्या संस्कृत 'तमिस्रा'वरून, म्हणजे काळोख्या रात्रीवरून, चोरला. खाली हात जोडलेल्यांची रांग. मला मनापासून वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे.

इंग्रजीत तो आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये काळोख म्हणजे 'तेनेब्राए'. (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात एकेक मेणबत्ती विझवत जाणारी एक प्रार्थना असते, तिचंही हेच नाव.) आता 'तेनेब्राए' आणि 'तमिस्रा' शेजारी ठेवा. 'त' तोच. 'म'चा 'न' झाला. पण 'स्र'चा 'ब्र' कसा? तर लॅटिनमध्ये शब्दाच्या पोटातल्या जुन्या 'स्र'चा 'ब्र' होतो, तो तिथला नियमच आहे. याचा दुसरा दाखला थेट आपल्या घरात सापडतो. संस्कृतात बहीण म्हणजे 'स्वसृ'. तिच्या लॅटिन बहिणीपासून, याच नियमाने, 'कोन्सोब्रीनुस' झाला, म्हणजे मावसभाऊ. तोच फ्रेंचमध्ये झिजत झिजत इंग्रजीत गेला आणि लग्नाच्या मांडवात आपण ज्याची ओळख करून देतो तो 'कझिन' झाला!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून होते.

म्हणजे तमिस्रा ही टेनेब्रसची आई नव्हे. दोघं मावसभावंडं आहेत, आणि त्यांची आजी कुठल्याच ग्रंथात लिहिलेली सापडत नाही. विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच सांगितलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज उरलेला नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी आपण चोरीची फिर्यादच फॉरवर्ड करतो. त्यात संस्कृतचा मान वाढत नाही, उलट तिचा एवढा मोठा गोतावळा आपण तिच्यापासून तोडतो.

रशियन 'त्मा', जर्मन 'डेमरुंग' म्हणजे संधिप्रकाश, सगळी त्याच घरची माणसं. लिथुआनियात तर आजही काळोखाला 'ताम्सा' म्हणतात. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात आहे, 'तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे', आरंभी तम तमानेच झाकलेलं होतं. त्यातला पहिला शब्द लिथुआनियातल्या एखाद्या शेतकऱ्यालाही ओळखीचा वाटेल.