‘त्या कोपऱ्यातला माणूस कोण?’ : सोंगसूच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर

काका, (तुम्ही नाव फक्त ‘परळकर’ लिहिलंयत, पण १९८२ साली गिरणीत होतो म्हणताय म्हणजे माझ्या बाबांच्या आसपासचेच असणार, म्हणून काका म्हणतेय, चालेल ना?)

तुमची कमेंट इकडच्या रात्री दीड वाजता वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. लगेच रिप्लाय टाइप करायला घेतला, मग म्हटलं झोपूया. सकाळी परत वाचली तर अर्धा राग गेला होता, अर्धा अजून आहे, आणि तो का आहे ते पण सांगणार आहे. खाली रिप्लायमध्ये मावेना म्हणून इथे वेगळं लिहितेय.

बाकीच्यांसाठी: सोलच्या सोंगसू भागात आम्ही चौघी एक शनिवार भटकलो, कॅफे, दुकानं, फोटो वगैरे, त्यावर मागची पोस्ट होती. त्यावर काकांनी लिहिलं की ‘लालबागची मुलगी तू, आजोबा गिरणीत होते असं स्वतःच लिहितेस, आणि कामगारांच्या कारखान्यात कॅफे झालेत ते बघून तुला गोड वाटतं? आमच्या गिरण्यांचे मॉल झाले तेव्हा पण अशीच पोरं फोटो काढायला आली होती. सिरियल बघून कोरियाचं वेड लागलंय, राजवाडे सोडून ६०० रुपयांची कॉफी पीत बसता. आणि तुझ्या चौथ्या फोटोत कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला माणूस कोण आहे? त्याच्याबद्दल एक ओळ नाही.’

आधी सोप्पे मुद्दे उरकते. राजवाडे बघितलेत हो, ग्योंगबोकगुंगला तीनदा गेलेय, त्यातलं एकदा हानबोक भाड्याने घेऊन, कारण तो पारंपरिक पोशाख घातला की तिकीट लागत नाही. सिरियल बघते, लॉकडाऊनमध्ये खूपच बघितल्या, पण इथे आले ते नोकरीसाठी. आणि कॉफी ६०० ची नव्हती, ६००० वोनची होती, म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. तुम्ही म्हणाल त्याने काय फरक पडतो. पडतो, कारण रुपयात हिशोब केला की इथलं सगळंच महाग वाटतं. २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १०,०३० वोन होतं, म्हणजे दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या पोराची पस्तीस-छत्तीस मिनिटं झाली की ती कॉफी येते. आपल्याकडे तसल्या कॅफेत कॉफी देणाऱ्या मुलाला तीच कॉफी प्यायची तर किती तास उभं राहावं लागेल ते तुम्हीच सांगा. आणि रोज कोणी तिथे पीत नाही, रोजची दीड-दोन हजार वोनवाली असते, भलामोठा प्लास्टिकचा ग्लास, बर्फ खच्चून भरलेला, बाहेर उणे दहा असलं तरी.

आता कॅफे. इथे माझी खोली म्हणजे एक पलंग, एक ओटा आणि कपड्यांचा स्टँड, स्टँड सरकवल्याशिवाय बाथरूमचं दार उघडत नाही. याला ‘वनरूम’ म्हणतात आणि एकटी राहणारी माझ्या वयाची बहुतेक मंडळी अशीच राहतात. कोणाला घरी बोलावायचं म्हणजे बसवायचं कुठे? आपल्या चाळीत खोली दहा बाय बाराची असली तरी बाहेर गॅलरी होती ना काका, आजी तिथेच तांदूळ निवडायची, आजोबा तिथेच पेपर वाचायचे, भांडणं पण तिथेच. इथे गॅलरी नाही, म्हणून कॅफे. पोरं परीक्षेचा अभ्यास तिथे करतात, ब्रेकअप तिथे होतात, लॅपटॉप टेबलावर सोडून खुशाल बाथरूमला जातात. आम्ही चौघींनी त्या शनिवारी तीन कॅफे केले ते चंगळ म्हणून कमी, आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून जास्त. (ठीक आहे, तिसरा चंगळ होता. पिठीसाखरेचा डोंगर केलेला तो पॅनडोरो ब्रेड ज्या कॅफेचा, तोच. कॅफे अनियन. नुसता फोटो बघून गेलो होतो.)

पण तुमचा मूळ मुद्दा हा नाहीये, कळतंय मला. तुमचा मुद्दा आहे की आधी तिथे काय होतं.

तर सोंगसू म्हणजे १९६० च्या दशकापासूनचा कारखान्यांचा भाग. छापखाने, गाड्यांची गॅरेजं, पत्र्याची कामं, आणि सगळ्यात जास्त नाव चपला-बुटांचं. हाताने बूट बनवणाऱ्यांच्या शेकडो वर्कशॉप, त्यांच्या आजूबाजूला चामड्याची दुकानं, बकलांची दुकानं, नुसत्या टाचांची दुकानं. कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा कॉलनीत गेला असाल तर डोळ्यासमोर येईल, फक्त इथे थंडी आणि लाल विटा. जे डेलिम चांगगो मी ‘काय भारी गोडाऊन आहे’ म्हणून लिहिलं (चांगगो म्हणजेच गोडाऊन), ते आधी भाताची गिरणी होतं, मग खरंच गोडाऊन, आणि कॅफे झालं ते गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी एका वाक्यात उडवलं, ‘पूर्वी इथे कारखाने होते’. पूर्वी! तुम्ही तिथेच पकडलंत. कारण चौथ्या फोटोतला माणूस ‘पूर्वी’ नाहीये, तो त्या शनिवारी दुपारी तिथे बसून काम करत होता, आणि मी फोटोखाली लिहिलं होतं ‘जुन्या बंद फॅक्टरीचा मूड’.

हे वाचून मला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून गेल्या शनिवारी परत गेले. एकटी नाही, माझी कोरियन भाषा दुकानात पैसे देण्यापुरती आहे, म्हणून ऑफिसातल्या ओन्नीला घेऊन गेले (ओन्नी म्हणजे ताई, तीच ती, मागच्या पोस्टमध्ये फोटोबूथमध्ये डोळे मिटलेली). स्टेशनवरून योनमुजांग-गिल या रस्त्याला लागलो, आणि दोन गल्ल्या चुकून शेवटी ते दार सापडलं. अर्धं तळघर. खिडकी रस्त्याच्या पातळीवर, त्यातून लोकांचे फक्त पाय दिसतात. ओन्नीने वाकून ‘सजांगनिम’ अशी हाक मारली, म्हणजे मालक, जो मालक नाही त्याला पण आदराने तेच म्हणतात.

साठीच्या पुढचे आहेत. चौदाव्या वर्षी कामाला लागले. बुटाच्या कामात इथे दोन जाती, म्हणजे कामाच्या जाती हो: वरचं चामडं कापून शिवणारे ते ‘कापपी’वाले आणि फर्म्यावर (पायाच्या आकाराचा साचा) ते ताणून खाली तळ बसवणारे ते ‘चोबू’वाले. हे चोबूवाले. तोंडात खिळे धरून काम चाललेलं, बोलायचं झालं की तळहातावर थुंकून काढायचे, बोलून झालं की परत तोंडात. आजोबांच्या शेजारी कोल्हापूरचे एक चर्मकार राहायचे, त्यांची रापी आणि आरी लहानपणी बघितलेली, इथे बाकावर तशाच दोन वस्तू पडलेल्या बघून मला एकदम काहीतरी झालं, पण ते ओन्नीला इंग्रजीत समजावता येईना म्हणून सोडून दिलं.

मी फोटोबद्दल माफी मागितली. ते म्हणाले रोज काढतात, दार बंद केलं तर गोंदाच्या वासाने डोकं दुखतं, म्हणून मान खाली घालतो. बस, एवढंच. कोपऱ्यातला माणूस मान खाली घालून का बसला होता त्याचं उत्तर हे आहे काका, आणि मी त्याला ‘मूड’ म्हणाले होते.

मजुरी जोडावर. तासावर नाही, महिन्यावर नाही, एका जोडाला इतके. २०१८ मध्ये सोलमधल्या एका मोठ्या बूट कंपनीचे कारागीर कंपनीच्या मुख्य ऑफिसात ठिय्या देऊन बसले होते, सोळा दिवस, कारण आठ वर्षं जोडामागचा दर साडेसहा-सात हजार वोनवरच अडकलेला होता, आणि तोच बूट दुकानात दोन-तीन लाख वोनला. शेवटी १३०० वोन वाढले. ती कंपनी सोंगसूतली नाही, पण सजांगनिम म्हणाले तेव्हा आमच्या गल्लीत पण सगळे तेच बोलत होते. तुम्हाला हे सांगताना मला माहितीये की तुम्ही मनात काय म्हणताय. आमच्या ८२ च्या संपात अडीच लाख माणसं, वर्षाच्या वर, आणि पदरात काय पडलं.

आणि इथेच मला तुमच्याशी भांडायचंय.

तुमच्या कमेंटचा अर्थ मी असा घेतला की कॅफेंनी कामगारांना हाकललं, गिरणीसारखंच. गिरणीसारखं नाहीये हो. मी विचारलं त्यांना, कॅफेवाल्यांमुळे धंदा बसला का? ते हसले. धंदा आधीच बसला होता. १९९७ चं आर्थिक संकट आलं, ज्याला इथे सगळे नुसतं ‘आयएमएफ’ म्हणतात, तेव्हा ऑर्डरी तुटल्या. मग चीनमधून स्वस्त बूट आले. मग डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांचं कमिशन. नवीन पोरगा शिकायला येणं केव्हाच थांबलं, गल्लीतले बहुतेक कारागीर आता पन्नाशी-साठीतले. कॅफे आले ते हे सगळं होऊन गेल्यावर, भाडं स्वस्त होतं म्हणून आले. आपल्याकडे जमीन मोजक्या गिरणीमालकांची होती, संप चिघळला, गिरण्या एकेक करून बंद ठेवल्या, आणि जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर मॉल. इथे जमीन शेकडो छोट्या मालकांची, आणि बूटवाला पण भाडेकरू आणि कॅफेवाला पण भाडेकरू. आज बूटवाला निघतोय, उद्या कॅफेवाला पण निघणार आहे, निघतोच आहे, कारण आता मोठमोठे ब्रँड आठवडा-दोन आठवड्यांसाठी पॉप-अप दुकान लावतात आणि तेवढ्यात कॅफे देऊ शकणार नाही इतकं भाडं देऊन जातात. आम्ही पण एका पॉप-अपच्या रांगेत पाऊण तास उभ्या होतो, फुकट पिशवीसाठी. पिशवी बरी आहे, भाजीला नेते.

म्हणून मला वाटतं की शत्रू कॉफी नाहीये, भाडं आहे. आणि भाड्याचं इथल्या लोकांना कळलं पण होतं वेळेवर, हे मला जास्त लागतं. सोंगदोंग म्हणजे ज्या प्रभागात सोंगसू येतं, त्यांनी २०१५ मध्येच नियम केला, देशात पहिला, की ठरावीक गल्ल्यांमध्ये मोठ्या फ्रँचायझी नकोत, आणि घरमालकांना बोलावून भाडं फार वाढवणार नाही असे करार करून घेतले. २०१८ मध्ये देशाच्या कायद्यात पण दुकानाच्या भाडेकरूला पाचाऐवजी दहा वर्षं करार वाढवून मागायचा हक्क मिळाला, आणि एका मर्यादेच्या आतल्या भाड्यांना वर्षाला ५ टक्क्यांच्यावर वाढ करता येत नाही. तरी भाडी वाढली. जुन्या लाल विटांच्या इमारती तशाच ठेवायला प्रभाग पैसे देतो, आणि म्हणूनच तो भाग इतका देखणा दिसतो, माझे फोटो चांगले आले त्यात माझं काही कौतुक नाही. सजांगनिमचा करार पुढच्या वर्षी संपतोय. मग? खांदे उडवले त्यांनी. मी परत विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. मी विचारलं, समोरच्या कॅफेत कधी गेलात का? म्हणाले एकदा, जावई घेऊन गेला होता, खुर्चीला पाठ नव्हती. नंतर उठून त्यांनी आम्हाला कागदी कपात मिक्स कॉफी करून दिली, ती काडीसारखी पाकिटं असतात ना, कॉफी-साखर-दूधपावडर सगळं एकत्र (मिक्स कॉफी इथे १९७६ पासूनची, काडीसारखी पाकिटं नंतरची). पाकीट फाडलं आणि त्याच रिकाम्या पाकिटाने ढवळली. चमचा नाहीच. सहा हजारवाल्यापेक्षा चांगली लागली असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल आता ही माझी मर्जी राखतेय, म्हणून खरं सांगते: अतिगोड होती, आपल्या टपरीच्या चहासारखी, आणि मी दुसरी पण प्याले.

जेवणाचं तुम्ही विचारलं नव्हतंत पण मागच्या पोस्टमध्ये ते पण राहिलं होतं. त्या दिवशी रात्री आम्ही कामजाथांगच्या दुकानात गेलो होतो, डुकराच्या पाठीच्या हाडांचा आणि बटाट्याचा झणझणीत रस्सा, चोवीस तास चालू, कारखान्यातली आणि फोटोवाली माणसं एकाच रांगेत. आमच्यातली नाशिकची मैत्रीण शाकाहारी, ती भात आणि मुळ्याच्या फोडी खात बसली, किमचीत पण मासळीचा सॉस असतो हे तिला त्याच दिवशी कळलं, गेलं वर्षभर ती रोज खात होती. याच्यावर मी तीन परिच्छेद लिहिले होते आणि ‘पोस्ट लांब होतेय’ म्हणून काढले, आणि कॅफेच्या जिन्याचा फोटो ठेवला. तुमची तक्रार त्या जिन्यावर असती तर मी काहीच बोलले नसते.

तर आता मी काय केलंय ते सांगते. चौथा फोटो काढून टाकलाय, त्यांना विचारून दुसरा काढलाय, त्यात फक्त हात आणि फर्मा आहे, चेहरा नको म्हणाले. ‘जुन्या बंद फॅक्टरीचा मूड’ ही ओळ मात्र खोडून तशीच दिसेल अशी ठेवलीये, नाहीतर तुमची कमेंट कशावर होती ते नवीन वाचणाऱ्याला कळणार नाही. कॅफेंची नावं तशीच आहेत, ती काढणार नाही, तिथे काम करणारी पोरं पण भाडं भरतात.

आणि बूट सांगितलेत. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने गिरवला त्यांनी, माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे मला तेहतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दहा दिवसांनी मिळतील. किंमत सांगत नाही, तुम्ही परत रुपयात काढाल.

तुम्ही गिरणीचं नाव लिहिलं नाहीत आणि खातं पण. माझे आजोबा साचेखात्यात (मागांवर) होते, रात्रपाळीला. तुम्ही?