होतकरू खिसेकापूंसाठी दोन शब्द

1800 च्या लंडनमध्ये धंद्याला लागताय ना? मग आधी सोन्याच्या घड्याळाचा नाद सोडा. त्याला साखळी असते, आत कारागिराचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. विकायला जाल आणि तिथेच अडकाल. रुमाल बघा! साहेबाच्या कोटाच्या मागच्या खिशात निवांत पडलेला. वाजत नाही, टोचत नाही.

फडकं म्हणून नाक मुरडू नका. कोशातून धागा उकलायचा, विणायचा, रंगवायचा, सगळं हाताने. चांगल्या रेशमी रुमालाला तीन-चार शिलिंग पडतात आणि शेतमजूर आठवडाभर राबून दहाएक शिलिंग घरी नेतो.

त्यातही हात मारायचा तर बंगालच्या बांधणीवर. लाल रेशमावर पांढरे ठिपके. गडद रंगात तपकिरीचे डाग लपतात, म्हणून साहेबलोकांचा त्यावर भारी जीव. ईस्ट इंडिया कंपनी हा माल लंडनला आणते खरी, पण रंगीत हिंदुस्थानी रेशीम इंग्लंडात वापरायला 1701 पासून बंदी आहे. तो परदेशी धाडायचा म्हणून विकला जातो आणि चोरवाटेने परत किनाऱ्याला लागतो. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. कायदा साहेबाने आधीच मोडलाय. तुम्ही फक्त पुरावा नाहीसा करताय.

कोपऱ्यातली आद्याक्षरं सुईने उसवा आणि होबर्नजवळची फील्ड लेन गाठा. तिथे दुकानांच्या दारांवर रुमालांची तोरणंच लागलेली असतात. दुकानदार पैसे मोजतो, चौकशी करत नाही.

आता थोडा कायदा. मालकाच्या नकळत खिशातून शिलिंगाहून जास्त किमतीचा माल काढला, तर 1565 च्या कायद्याने फाशी. ‘नकळत’ हे नीट वाचा. त्याला जाणवलं, तर मान वाचते! म्हणजे हात सफाईदार असेल तर फास, अडाणी असेल तर जीवदान. पकडलेच जाणार असं दिसलं, तर साहेबाला एक हिसका जरूर द्या. शिवाय ज्युरी कनवाळू असते. शपथेवर रुमालाची किंमत दहा पेन्स, म्हणजे शिलिंगाहून कमी, ठरवून मोकळी होते. तेव्हा साहेबाचं तोंड बघून घ्या.

1808 मध्ये सॅम्युएल रोमिली नावाचे सद्गृहस्थ ही फाशी रद्द करवून घेतील. लगेच पेढे वाटू नका. फास गेला की ज्युरीची जीभ ‘दोषी’ म्हणायला अडखळणार नाही, आणि तुमची रवानगी ऑस्ट्रेलियाला, कदाचित जन्मभरासाठी. जहाजावर महिनोन्महिने काढायचे आहेत. वाटेत सर्दी झालीच, तर सदऱ्याची बाही आहे.