प्लॉट अडकलाय? क्लास काढा

जमिनीत पैसा कमावलेला माणूस दुसऱ्याला शिकवायला का बसतो, असं काही मत्सरी लोक विचारतात. एवढा पैसा सुटतो तर गप बसून आणखी चार एकर घेईना का, म्हणे! अशांच्या नादी लागू नका. त्यांनी एक एकर तरी विकून बघावं.

एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सुटते, नऊ-नऊ मीटरचे रस्ते जातात. हाती साठ टक्के राहिले तरी 26 हजार फूट. कोपऱ्याचे आणि पूर्वमुखी प्लॉट पहिल्या दसऱ्यालाच उठतात. राहतात ते नाल्याकडचे, हायटेन्शनच्या तारेजवळचे आणि काळ्या रानातले, जिथे मृगात गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. असे आठ-दहा तरी उरतातच. साडू झाले, मेव्हणे झाले, गावाकडचे झेडपीचे गुरुजी झाले. नातेवाईक संपले की विद्यार्थी लागतात.

आता दुसरा हिशेब. 99 रुपयांचा ऑनलाइन क्लास ठेवा. 400 जण आले तर 39,600. जाहिरातीचा खर्च त्यात भागवा. त्यातल्या 40 जणांना दोन दिवसांची कार्यशाळा, 4,999 प्रत्येकी: दोन लाखांना 40 रुपये कमी. त्यातले पाच जण 75 हजारांच्या 'पर्सनल मेंटॉरिंग'ला: पावणेचार लाख. या धंद्याला ना फेरफार, ना मोजणी, ना बांधावरचं भांडण. उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की 18 टक्के जीएसटी लागतो, तो फीवर वरून लावा.

आणि सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे परवाना. महारेराच्या, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवरच्या राज्य नियामकाच्या, नोंदीतला प्लॉट विकायचा तर एजंटाला नोंदणी लागते, प्रशिक्षण लागतं, परीक्षा देऊन प्रमाणपत्र लागतं. 'प्लॉट कसा घ्यावा' हे शिकवणाऱ्याला काहीच लागत नाही. एक कोट आणि कॉलरला लावायचा माइक पुरे. त्यामुळे स्वतःला एजंट कधी म्हणवून घेऊ नका, सर म्हणा.

हॉल संभाजीनगरात जालना रोडला घ्या. भिंतीवर मोठा नकाशा लावा. शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक औद्योगिक शहर, समृद्धी महामार्ग, ड्रायपोर्ट, सगळं ठळक लाल रंगात. 'प्रस्तावित' हा शब्द मात्र नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, खुर्चीआड जाईल असा. 'समृद्धीपासून दहा मिनिटं' हे बेधडक सांगा, खोटं नाहीच ते. त्या रस्त्यावर इंटरचेंजशिवाय चढता येत नाही, त्यामुळे प्लॉटवरून गाड्या दिसत असल्या तरी प्रत्यक्ष चढायला वीस-पंचवीस किलोमीटर फिरावं लागू शकतं. पण विद्यार्थी अंतर विचारतो, चढायचं कुठून हे विचारत नाही. न विचारलेलं सांगणं शिक्षणशास्त्रात बसत नाही.

पहिला अर्धा दिवस 'माइंडसेट'ला द्या. सातबारा जेवणानंतर घ्या. पुरी-भाजी, जिलेबी आणि वर मठ्ठा झाला की कुणाचेच डोळे उघडे राहत नाहीत. नमुना सातवर भोगवटादाराचं नाव दाखवा, क्षेत्र दाखवा, आकार म्हणजे सारा दाखवा आणि इतर हक्काच्या रकान्याशी येताच चहा मागवा. तिथेच बँकेचा बोजा असतो, कुळाची नोंद असते, कोर्टाची नोंद असते. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, हे शब्द निघाले तर 'ते सगळं होऊन जातं' म्हणा. आपल्याकडे तर निजामाच्या काळापासूनच्या मदतमाश आणि खिदमतमाश इनामी जमिनी आहेत. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद-दर्ग्याच्या सेवेपोटी दिलेली जमीन, ती सहजासहजी विकता येत नाही, हे सांगत बसलात तर पुढची बॅच भरायची कुणी?

बहिणींचा विषय तर काढूच नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भावानं एकट्यानं सही केलेल्या खरेदीखतावर पुढं परतूरच्या आत्याबाई दावा ठोकतात तो इथूनच. हक्कसोडपत्र, जमिनीच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च, पेपरातली जाहीर नोटीस हे सगळं 'अॅडव्हान्स लेव्हल'ला ठेवा. अॅडव्हान्स लेव्हलची फी वेगळी.

दुसऱ्या दिवशी साइट व्हिजिट. बस करा, पुढे बॅनर बांधा. ही बॅच डिसेंबर-जानेवारीतच ठेवायची. रान वाळलेलं असतं, शेजारी हरभरा हिरवागार, हवा थंड. जुलैत चुकूनही नेऊ नका, काळी माती चपलेसकट मत बदलते. उतरल्यावर फक्की टाकलेले प्लॉट दाखवा आणि हळूच म्हणा, 'बाहेरच्याला हा रेट नाही, फक्त आपल्या फॅमिलीला.' बसमध्ये तुमचेच दोन जण बसवून ठेवा. पहिल्यानं अकरा हजार इसार काढला की तिसरा खरा निघतो. नाल्याकडचे आधी दाखवा, कोपऱ्याचा 'सरांनी स्वतःसाठी ठेवलाय' म्हणा. तो केव्हाच विकलेला असला तरी.

वर्षभरात एखादा भाऊ येईल: सर, तुकडेबंदीत अडकलंय, कायद्यातल्या किमान क्षेत्रापेक्षा तुकडा छोटा म्हणतात, फेरफार होईना. त्याच्यावर चिडू नका. चहा पाजा, 'जमीन थांबणाऱ्याला देते' म्हणा. तरीही फी परत मागू लागला तर तोच तुमचा उत्तम विद्यार्थी समजा. त्याच्याकडेही आता अडकलेला प्लॉट आहे, शिकवण्याइतका अनुभव आहे आणि गावाकडे नातेवाईकही संपत आलेत. त्याला तुमची स्लाइड द्या, फीमधला तीस टक्के वाटा ठरवा, आणि सांगा की संभाजीनगर-जालन्यात गर्दी झालीय, परभणी-हिंगोली अजून मोकळं आहे.