पावणेदोन मीटरवरचा दगड

समोर डोंगर आहे. पायाशी रानफुलं आहेत. आकाश नुकतं रंगात यायला लागलंय. आणि मी ट्रायपॉडमागे वाकून फोकस करतोय एका दगडावर. दगडही असा की त्याला ठेच लागली तरी कोणी वळून बघणार नाही. पण तो कॅमेऱ्यापासून बरोबर पावणेदोन मीटरवर पडलेला आहे आणि आज त्याची साडेसाती संपली आहे.

या प्रकाराला हायपरफोकल डिस्टन्स म्हणतात. लेन्स या अंतरावर फोकस केली की त्याच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं ‘चालण्याइतपत’ स्पष्ट येतं. शिकवणारे ‘सगळं स्पष्ट’ एवढं मोठ्याने सांगतात आणि ‘चालण्याइतपत’ हा शब्द गिळतात. सगळी गोम त्या गिळलेल्या शब्दात आहे.

हिशेब सोपा असल्याचंही सांगतात. सांगणारा सहसा खुर्चीत बसलेला असतो. फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याचा, वर्ग करायचा. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या भोकाच्या, आकड्याला सर्कल ऑफ कन्फ्युजनने (ते काय, पुढे येतंच) गुणायचं, त्या गुणाकाराने वर्गाला भागायचं आणि उत्तरात फोकल लेंग्थ पुन्हा मिळवायची. फुलफ्रेम कॅमेरा (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा), २४ मिमी लेन्स, भोकाचा आकडा एफ ११ असेल तर २४ चा वर्ग ५७६, भागिले ०.३३ (११ गुणिले ०.०३), म्हणजे १७४५, अधिक २४. झाले १.७७ मीटर. त्याचं निम्मं ८८ सेंटिमीटर. थोडक्यात, ८८ सेंटिमीटरपासून पुढचं सगळं जग आपलं. हीच लेन्स एफ ८ वर ठेवली तर अंतर २.४२ मीटर होतं. ५० मिमीची लेन्स एफ ८ वर साडेदहा मीटर मागते, आणि २०० मिमीला तर १६७ मीटर लागतात. तिथला दगड दुर्बिणीशिवाय सापडत नाही, म्हणून टेलिफोटोवाल्यांनी या लेखाच्या नादी लागू नये.

आता ते सर्कल ऑफ कन्फ्युजन. गोंधळाचं वर्तुळ! एवढं प्रामाणिक नाव दुसऱ्या कुठल्या शास्त्रात सापडणार नाही. फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर छोटी चकती होऊन उमटतो. ती चकती किती मोठी होईपर्यंत डोळा तिला बिंदू मानून गप्प बसतो, त्याची ही हद्द. फुलफ्रेमला ती ०.०३ मिमी धरतात, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला ०.०२. हा आकडा आला कुठून? ८ बाय १० इंचांचा प्रिंट वीतभरापेक्षा थोडा लांब धरून बघितला, तर पाव मिलिमीटरचा ठिपका डोळ्याला टिंबच वाटतो. एवढ्या प्रिंटसाठी फुलफ्रेमचं चित्र साधारण आठपट मोठं करावं लागतं. पाव मिलिमीटर भागिले आठ, म्हणजे ०.०३. हिशेबात चूक काहीच नाही. फक्त प्रिंट हातात धरून बघणारे लोक संपले. आम्ही आता पडद्यावर फोटो शंभर टक्के मोठा करतो आणि डोंगराच्या कडेला नाक लावतो. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मिमीचा असतो. सूत्र ज्याला बिनधास्त ‘टिंब’ म्हणतं, ते तिथे पाच पिक्सेल रुंदीचं गरगरीत भोपळं निघतं.

निकाल असा लागतो: दगड पैकीच्या पैकी, रानफुलं काठावर पास, डोंगर काठावर पास. ज्यांच्यासाठी पहाटे उठलो ते दोघे कसेबसे निसटले आणि ज्याला परीक्षेला बसायचंच नव्हतं तो पहिला आला.

बरं, पावणेदोन मीटर मोजायचे कुठून? लेन्सच्या काचेपासून नव्हे, सेन्सरपासून. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक छोटं वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ असते, ती सेन्सरची जागा. ट्रायपॉडच्या पायापासून अंदाजाने पावलं टाकणाऱ्यांनी ‘दहावीस सेंटिमीटरने काय बिघडतं’ म्हणू नये. ते कुठल्या बाजूला चुकले त्यावर सगळं आहे. १.७७ ऐवजी दीड मीटरवर फोकस झाला तर स्पष्टपणाची पलीकडची हद्द अनंतावरून घसरून दहा मीटरच्याही आत येते. चूक २७ सेंटिमीटरची आणि अख्खा डोंगर नापास! उलट चुकून दोन मीटरवर झाला तर अलीकडची हद्द ८८ वरून ९४ सेंटिमीटरवर जाते. नुकसान सहा सेंटिमीटर, तेही गवताचं. चुकायचंच असेल तर लांब चुकावं. फोनमधल्या हायपरफोकलच्या तक्त्यात ही एवढी ओळ छापली असती तर बाकीचा तक्ता नसता तरी चाललं असतं.

मी तर सरळ दुप्पट अंतरावर जा म्हणतो. १.७७ ऐवजी साडेतीन मीटरवर फोकस केला की डोंगराची चकती निम्मी, म्हणजे ०.०१५ मिमी होते. मोबदल्यात अलीकडची हद्द ८८ सेंटिमीटरवरून १.१८ मीटरवर सरकते. ट्रायपॉड एक पाऊल मागे घेतला की तोही हिशेब चुकता. अगदीच वैतागलात तर थेट डोंगरावर फोकस करा. तेव्हा अ‍ॅपर्चरच्या भोकाचा व्यास जेवढा, साधारण तेवढे बारकावे कुठल्याही अंतरावर ओळखू येतात. २४ मिमी भागिले ११, म्हणजे २.२ मिमी. रानफुलाच्या पाकळ्या सुट्या दिसतील, पुंकेसरांचा गिचका होईल. पुंकेसर मोजायला किती जण येणार आहेत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

‘मग अ‍ॅपर्चर अजून बंद करा की!’ असा सल्ला येतोच. एफ २२ वर आकडे झकास दिसतात: हायपरफोकल ९० सेंटिमीटर, अलीकडची हद्द ४५. पण भोक एवढं बारीक झालं की प्रकाश कडांवरून वाकतो आणि अचूक फोकसमधला बिंदूसुद्धा ०.०३ मिमीच्या आसपास पसरतो. गोंधळाचं वर्तुळ आता सगळ्यांना सरसकट वाटलेलं असतं, बिचाऱ्या दगडालाही. वर शटर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, मंदावतं आणि रानफुलं वाऱ्यावर डोलायला मोकळी होतात. फुलफ्रेमला एफ ११ च्या पुढे मी जात नाही, फारच अडलं तर १६. त्याहून जवळचं काही धरायचं असेल तर वेगवेगळ्या अंतरांवर तीनचार फोटो काढून नंतर जोडावेत.

जुन्या मॅन्युअल लेन्सवर हा छळ नव्हता. नळीवर अंतराचे आकडे, खाली अ‍ॅपर्चरच्या जोडरेघा. अनंताची खूण एफ ११ च्या रेघेवर आणली की काम झालं. शहाणे लोक ती एफ ८ च्या रेघेवर आणत आणि फोटो ११ वर काढत, कारण त्या रेघाही त्याच प्रिंटच्या हिशेबाने आखलेल्या. नव्या ऑटोफोकस लेन्सवर आकडे असलेच तर १, १.५, ३ आणि मग एकदम अनंत. तीनपासून अनंतापर्यंतचं सगळं विश्व अर्ध्या बोटात कोंबलेलं. त्यातही रिंग अनंताच्या खुणेपाशी थांबत नाही, थोडी पुढेच जाते. शेवटापर्यंत फिरवून ‘झालं अनंत’ म्हटलं की डोंगर आणि चंद्र दोन्ही धूसर. म्हणून दगड बरा. ऑटोफोकसचा चौकोन त्याच्यावर ठेवायचा, फोकस घ्यायचा, लेन्सवरचं बटण लगेच मॅन्युअलला सरकवायचं. ते विसरलं आणि शटर अर्धं दाबलं की कॅमेरा नव्या उमेदीने फोकस शोधायला निघतो आणि जवळच्या गवताच्या पात्याला मिठी मारतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, चित्र दहापट मोठं करून डोंगराची कड एकदा बघून घ्यावी. रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावला तर उत्तम.

इतकं सगळं जमून येतं. चिकटपट्टी लागलेली, बटण मॅन्युअलवर, वारा पडलेला, रंग अगदी ऐन भरात. आणि तेवढ्यात वाटतं, डावीकडचं ते वाळकं झुडूप चौकटीत उगाच आलंय. झूमची रिंग जराशी फिरते, २४ ची ३५ मिमी होते. हायपरफोकल आता १.७७ वरून ३.७५ मीटरवर गेलं. फोकस मात्र तिथेच, पट्टीने घट्ट बांधलेला. स्पष्टपणा पुरते साडेतीन मीटरही न जाता संपतो, डोंगर त्याच्या पलीकडे कुठेतरी पाण्यात विरघळल्यासारखा उभा. पट्टी सोडवायची, बटण ऑटोवर आणायचं आणि पावणेचार मीटरवर दुसरा दगड शोधायचा. तिथे नेमकं सपाट गवत असतं.