निळा डोळा चालतो, बिब्बा नाही?

आज कोल्हापुरात राजारामपुरीत एका बारशाला गेलो होतो. बाळाच्या पायात काळा दोरा, त्यात दोन काळे मणी आणि बिब्बा. पणजीनं स्वतः ओवलेला. एक बाई, चांगल्या शिकलेल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अजून असलं बांधता व्हय तुम्ही?" पणजी ओशाळली, पदर सावरत गप्प बसली. आणि या बाईंच्या मनगटात काय? निळ्या काचेचा डोळा! तुर्कस्तानात तो नजर लागू नये म्हणूनच वापरतात ओ. म्हणजे त्यांची ती फॅशन आणि आमची पणजी अडाणी. चांगल्या बारशात बिब्बा घातला तो बाईंनीच.

मी काही गंडे-ताईत मानणाऱ्यातला नाही, तुम्हाला माहीत आहे. ज्या गावात 2015 साली सकाळी फिरून येताना कॉम्रेड पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्या गावात अंधश्रद्धा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तोसुद्धा पायातल्या दोऱ्याच्या मागं लागत नाही. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणाऱ्याला धरतो.

हां, बिब्बा उततो. तान्ह्याच्या कातडीला तो नकोच, मान्य. पण हे पणजीला तुमच्याआधी ठाऊक आहे. तिनं तो फडक्यात घट्ट शिवून मग दोऱ्यात घेतला होता. टाके बघायचे होते तुम्ही, या वयात, चष्म्याला दोरा बांधून.

तिची पहिली दोन लेकरं गोवरानं गेली. तेव्हा तिच्या हातात होतं काय? मीठ-मोहऱ्या, आणि हा दोरा. पुढं लसी आल्या, तेव्हा नातवंडांना कडेवर घेऊन रांगेत पहिली हीच उभी. दोराही बांधला, डोसही चुकवला नाही. आता हिला काय शिकवायचं?

लिहिता लिहिता परत डोकं फिरायला लागलंय. लक्ष्मीपुरीत दुकानाच्या दारात लिंबू-मिरची लोंबते, तिथं खरेदी करताना कुणाचं विज्ञान जागं होत नाही. म्हातारी दिसली की मात्र तोंड सुटतं, कारण ती उलट बोलत नाही. एवढी खुमखुमी असेल तर अमावस्येला नारळ उतरवून हजारो रुपये उकळणाऱ्या महाराजाला विचारा की, "अजून असलं करता व्हय?" तिथं कशाला विचाराल, तिथं चपला बाहेर काढून रांगेत बसता.