‘दोष पुन्हा तिच्याच पदरात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आघातानंतरचे विचार आणि संवादोपचार या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. सत्राची वेळ मी चुकीची दिली आहे. घडलेलं पुन्हा सांगायला लावणं म्हणजे खपली काढणं. हे सगळे शिकलेल्यांचे चोचले आहेत आणि किल्लारीच्या भूकंपातून उठलेल्या तुमच्या आजीला कुणी थेरपी दिली नव्हती. फी परवडत नाही. आणि मधोमध हे वाक्य: ‘जिच्यावर प्रसंग गुदरला तिलाच तुझे विचार चुकीचे आहेत असं सांगणं म्हणजे दोष पुन्हा तिच्याच पदरात घालणं आहे.’ शेवट ‘चालू द्या तुमचं दुकान’ असा.

पहिला मुद्दा मान्य. मी ९० मिनिटं लिहिलं होतं. ती वेळ प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर या दुसऱ्या उपचारपद्धतीची आहे. मी ज्या पद्धतीबद्दल लिहीत होते, त्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीचं म्हणजे सीपीटीचं वैयक्तिक सत्र ५० ते ६० मिनिटांचं असतं. चूक माझी, दुरुस्त करते आहे.

मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. पण तुमच्या प्रतिक्रियेत प्रश्नचिन्ह एकही नाही. ‘समुपदेशक असं करतात का?’ असं विचारलं असतं, तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुम्ही थेट निकाल दिलात, तोही अवतरणचिन्हांत ‘विचार बदला’ हे शब्द माझ्या तोंडी घालून. माझा लेख पुन्हा उघडा आणि हे दोन शब्द शोधा. सापडणार नाहीत. १६ वर्षं मी हेच काम करते आहे, आणि या वर्षांत समोर बसलेल्या कुणालाही ‘तुझा विचार चुकीचा आहे’ असं म्हटलेलं नाही. शिकवतानाही पहिल्या दिवशी हेच वाक्य हद्दपार केलं जातं. त्यामुळे तुमच्या बाकी मुद्द्यांपेक्षा या एका वाक्याला मी जास्त जागा देणार आहे.

सीपीटी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधायला घेतली, ती बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठीच. तोवर आघात म्हणजे मुख्यतः भीती, असं धरून उपचार होत. पण या स्त्रियांच्या बोलण्यात भीतीच्या बरोबरीनं लाज होती, अपराधीपणा होता, स्वतःचा तिटकारा होता. म्हणजे ज्या दोषाबद्दल तुम्ही मला बोल लावता आहात, तो उतरवायचा कसा, या प्रश्नातूनच ही पद्धत निघाली आहे.

तो दोष समुपदेशकाच्या खोलीत तयार होत नाही. बाई आत येते तेव्हा तो तिच्या पदरात असतोच. ‘टाळी एका हातानं वाजत नाही.’ ‘एवढ्या उशिरा गेलीच कशाला?’ हे तिला शेजारणीनं ऐकवलेलं असतं, कधी सख्ख्या मावशीनं. आणि कुणी काही बोललं नाही तरी ती स्वतःच स्वतःला ऐकवते, कारण आपण सगळे ‘पेरावं तसं उगवतं’ ऐकत वाढलो. चांगल्या माणसाचं चांगलंच होतं, हा नियम लहानपणापासून मनात पक्का. मग एक दिवस अघटित घडतं. आता एक तर नियम मोडायचा, नाहीतर नियम राखण्यासाठी आपण काय वाईट पेरलं होतं ते शोधत बसायचं. पुष्कळ जण दुसरा मार्ग धरतात, कारण तो कमी भीतीदायक असतो: माझ्या हातून चूक झाली असेल, तर ती पुन्हा न करता मी सुरक्षित राहू शकते. काही जण उलट्या टोकाला जातात, ‘आता जगात कुणावरच विश्वास टाकायचा नाही’. दोन्हीकडे माणूस एका वाक्यापाशी अडून राहतो. इंग्रजीत त्याला स्टक पॉइंट म्हणतात, मी अडकलेलं वाक्य म्हणते.

हे वाक्य हाती लागतं कसं, तेही सांगते. पहिल्या सत्रानंतर गृहपाठ असतो, सुमारे एक पान लिहून आणायचं: हे का घडलं असं तुम्हाला वाटतं, आणि त्यानंतर स्वतःबद्दल, इतरांबद्दल, जगाबद्दल काय वाटायला लागलं. घटनेचं वर्णन नको, कारण आणि परिणाम एवढंच. त्या पानातून वाक्यं वेचून एक यादी होते आणि ती शेवटच्या सत्रापर्यंत समोर असते. वेचताना बऱ्याच नवख्या समुपदेशकांची गल्लत होते. ‘झोप लागत नाही’ हे अडकलेलं वाक्य नाही, ते लक्षण आहे. ‘भीती वाटते’ ही भावना आहे. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न आहे, त्याच्या पोटात बहुतेक वेळा ‘मी काहीतरी केलं म्हणूनच’ हे वाक्य लपलेलं असतं आणि ते बाहेर काढावं लागतं. चुकीचं वाक्य यादीत धरलं, तर पुढची चार सत्रं वाया जातात.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, कुणा एका माणसाचं नाही. पावसाळ्यातली रात्र, घाटरस्ता. मोठा भाऊ मोटारसायकल चालवतोय, धाकटा मागे. दिवे न लावता उलट्या बाजूनं टेम्पो येतो आणि धाकटा जागीच जातो. वर्षभरानं मोठा लिहितो: ‘मी त्याला मागे बसवलं नसतं, तर तो आज असता.’

आता या वाक्याशी वाद घालून दाखवा. घालता येणार नाही, कारण ते खरं आहे. बसवलं नसतं तर तो वाचला असता. म्हणून आम्ही तिथे हातच लावत नाही. त्या वाक्याच्या पाठीमागे जे दुसरं वाक्य आहे, तिथे जातो. ‘म्हणजे काय?’ असं दोनदा विचारलं की ते येतं: ‘म्हणजे मीच त्याला मारलं.’

अडकलेलं वाक्य हे आहे. इथून पुढे समुपदेशक फक्त विचारतो. गाडी का काढली? शेवटची एसटी चुकली होती, त्याला स्टँडवरून घरी आणायचं होतं. काढताना टेम्पो येणार हे माहीत होतं? नाही, पण पाऊस होता. पावसात याआधी त्या घाटातून किती वेळा गेला होता? कामावर जायला, रोज. मग त्या दिवशी वेगळं काय ठाऊक होतं? इथे बहुतेक वेळा बराच वेळ कुणी बोलत नाही. त्या शांततेत समुपदेशकानं तोंड उघडायचं नसतं. आज, शेवट माहीत असताना, त्या रात्रीच्या आठ वाजताच्या माणसाकडून आपण त्या शेवटाचा हिशेब मागतो आहोत, हे त्याचं त्याला दिसायला हवं.

मग तीन शब्द कागदावर वेगळे मांडतो. दोष, म्हणजे इजा व्हावी असा हेतू होता. जबाबदारी, म्हणजे घडण्यात हात होता, हेतू नव्हता. आणि अकल्पित, म्हणजे आधी कळायला वावच नव्हता. बोलताना आपण तिन्हींसाठी एकच शब्द वापरतो, ‘चूक’. त्या एका शब्दानं माणसाचं किती नुकसान होतं, ते या कागदावर दिसतं. टेम्पोवाल्याचं नाव तोवर त्या भावाच्या कहाणीत जवळजवळ नसतंच, ते इथे पहिल्यांदा येतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर दोष पदरात घातला जात नाही, ज्याचा आहे त्याच्या नावावर लिहिला जातो.

शेवटी तो स्वतःच्या शब्दांत नवं वाक्य लिहितो: ‘मी त्याला घरी आणत होतो. टेम्पो दिवे न लावता उलट्या बाजूनं आला.’ बाजूला अपराधीपणाचा आकडा, ० ते १०० मध्ये, आधी ९०, आता ४०. शून्य नाही, आणि शून्यासाठी कुणी घाईही करू नये. त्याच वेळी दुःखाचा आकडा वर जातो. माणूस वर्षभरात पहिल्यांदा भावासाठी रडतो, कारण इतके दिवस तो स्वतःला शिक्षा देण्यातच गुंतलेला असतो. शोक ही त्या घटनेतून आपोआप उठलेली भावना, चुलीत नवं लाकूड सारलं नाही तर ती हळूहळू निवत जाते. अपराधीपणा रोज नव्या विचारानं पेटवला जातो. उपचार त्या लाकडांचा आहे.

हे फसतं कुठे? समुपदेशक घायकुतीला आला आणि ‘तुझा काही दोष नाही रे’ म्हणाला की फसतं. ते वाक्य त्या भावानं तेराव्याला ५० जणांकडून ऐकलेलं असतं. मान हलवून तो घरी जातो आणि पुढच्या आठवड्यात जिथल्या तिथे असतो. समुपदेशकानं आपल्या मतानं ‘बरोबर’ विचार हाती ठेवला, तर तुमचा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. पण तो वाईट कामावरचा आक्षेप आहे, पद्धतीवरचा नाही. सुरी हाताला लागली म्हणून भाजी चिरणंच वाईट, असं आपण म्हणत नाही.

आणखी एक, आणि हे लक्ष देऊन वाचा. प्रत्येक दुखरा विचार पारखायला घ्यायचा नसतो. नवरा आजही मारत असेल, तर ‘माझं घर सुरक्षित नाही’ हे अडकलेलं वाक्य नाही, ती माहिती आहे. तिथे विचार पारखण्यासाठी भरायचे तक्ते बाजूला ठेवून आधी ती सुरक्षित कशी राहील ते बघायचं. ‘सगळे पुरुष वाईट’ याच्या जागी ‘सगळे चांगले’ आणणं हेही काम नाही. सगळे, नेहमी, कधीच हे शब्द सुटून तिथे ‘काही’ आला, कोणावर कुठल्या बाबतीत किती विश्वास टाकायचा हे तिला ठरवता आलं, की पुरे. उत्तरार्धातली सत्रं याच विषयांवर असतात: सुरक्षितता, विश्वास, ताबा, स्वतःची किंमत, जवळीक.

बाकीचे मुद्दे भराभर घेते, कारण ते तुम्हीही भराभरच लिहिले आहेत.

खपली काढणं: घटनेचं सविस्तर लेखन सीपीटीत ऐच्छिक आहे. रेसिक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते लेखन वगळूनही उपचार तेवढाच उपयोगी ठरला. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याचा जो प्रकार पूर्वी चाले, तो करू नये असंच आज मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मीही त्याच्या विरोधातच आहे.

शिकलेल्यांचे चोचले: काँगोच्या पूर्व भागात लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांबरोबर हाच उपचार गटांत केला गेला, त्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुसंख्य स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हतं. तक्ते सोपे करून तोंडपाठ करवले, उपचार तिथल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दिला. एकाच काळात काही गावांत हा उपचार आणि काही गावांत वैयक्तिक आधार अशी तुलना होती, आणि उपचार मिळालेल्या गावांतल्या स्त्रियांत सुधारणा जास्त होती. चोचले हा शब्द त्यांच्यापैकी कुणासमोर तुम्ही उच्चारला नसता.

तुमच्या आजींबद्दल मला आदर आहे. आघात सोसलेल्या प्रत्येकाला उपचार लागतो असं मी लिहिलेलं नाही. बहुतेक माणसं माणसांच्या आधारानं सावरतात. माझा लेख जे सावरले नाहीत त्यांच्यासाठी होता. फीचं म्हणाल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. पूर्ण १२ सत्रं तिथे मिळणार नाहीत, पण जवळ कुठे जायचं याची चौकशी तरी करता येते.

उपचार सगळ्यांना लागू पडतो, असाही माझा दावा नाही. अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासांत उपचार संपल्यावरही निम्म्याहून अधिक जणांचं आघातोत्तर तणावाचं (पीटीएसडी) निदान कायम होतं. म्हणूनच दर आठवड्याला मोजमाप करतात: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वरचा आकडा आघातोत्तर तणावाकडे बोट दाखवतो. सहाव्या-सातव्या सत्रापर्यंत आकडा हलला नाही, तर बहुधा मूळ वाक्य यादीत आलेलंच नसतं, किंवा गृहपाठ टाळला जात असतो. गृहपाठ आणला नाही म्हणून रागवायचं नाही आणि सोडूनही द्यायचा नाही. सत्रातच समोरासमोर बसून भरायचा. टाळणं हा या आजाराचाच भाग आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती आहे तशीच राहील. ‘दुकान’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे. ९० मिनिटांची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री करते.