एक स्टार देणाऱ्या भाऊंना, दुकानाकडून

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडते. पोरासाठी काचेची छोटी टाकी घेतली, दोन गोल्डफिश आणि एक कासव मागितलं, पण दुकानातल्या बाईंनी दिलं नाही, वरून गोगलगाय घ्या म्हणाल्या. "मासे इकाचं दुकान हाय का शाळा हाय?" शेवटी १० लाल झिंगे दिले. दुसऱ्याच दिवशी एक पांढरा पडला आणि आठवड्यात सगळे गेले. नागपूरला बाउलसकट चार मासे देतात, कोणी काही विचारत नाही.

झिंग्यांपासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे. ते मी तुम्हाला द्यायलाच नको होते. एप्रिलचा मधला आठवडा, त्यात बाजाराचा दिवस. गर्दीत मी टाकी कधी भरली हे विचारलंच नाही. टाकी त्याच सकाळी भरली होती, हे तुमच्या लिहिण्यावरून आज कळलं.

नव्या टाकीतलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण ते कच्चं असतं. मासा असो की झिंगा, त्याच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू वाळूवर आणि झाडांवर हळूहळू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग त्याचं नायट्रेट. हे बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी टाकलेला जीव आपल्याच घाणीत बसतो. झिंगा तर माशाहूनही नाजूक. त्याला १८ ते २६ अंशांचं पाणी मानवतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीतलं बादलीभर पाणीसुद्धा तिसाच्या वर जातं. खोलीत डासांचं लिक्विडचं मशीन लावत असाल तर तेही एक कारण असू शकतं, कारण त्यातलं कीटकनाशक झिंग्यांना फार लवकर मारतं. हे सगळं त्या दिवशी सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. तुमचे २५० रुपये मी परत करते, बिल नसलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी जो पांढरा दिसला, तो कदाचित मेलेला नसेल. झिंगा वाढताना कात टाकतो. ती पूर्ण झिंग्याच्याच आकाराची असते, मिशांसकट, पण आतून रिकामी आणि आरपार दिसणारी. मेलेला झिंगा आरपार दिसत नाही, तो शिजवल्यासारखा गुलाबी-पांढरट होतो. हेही मी सांगायला हवं होतं, म्हणजे पोराला पहिल्याच दिवशी वाईट वाटलं नसतं.

आता गोल्डफिशचं. त्यासाठी मी माफी मागणार नाही, भाऊ. तुमची टाकी ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर १२ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी उरतं ९ लिटरच्या आसपास, घरातल्या बादलीपेक्षाही कमी. गोल्डफिश आज बोटाएवढा दिसतो, पण नीट जगला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांच्या वर जगतो. शिवाय तो खूप खातो आणि खूप घाण करतो. बाउलमध्ये तो महिनाभरात मरतो म्हणून लोकांना वाटतं, गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं. तसं नाही. नागपूरच्या दुकानाबद्दल मी काही बोलणार नाही, मी माझ्यापुरतं सांगते.

माझे वडील ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. ते मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, जाळं टाकायचे. मे महिन्यात तलाव आटत आला की ते मला पहाटे सोबत न्यायचे. उजाडायच्या आधी मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत असायचे. ते म्हणायचे, पाण्याचा दम संपला. पुढे मला कारण कळलं. रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन बनवत नाहीत, पण श्वास तर सगळेच घेतात. त्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. एवढ्या मोठ्या तलावाची ही गत होते, तर ९ लिटरची काय होईल! गिऱ्हाईक टाकी दाखवतं तेव्हा मला ती उघडी तोंडं दिसतात. म्हणून मी इतके प्रश्न विचारते.

कासवाला नाही म्हटलं, त्यात तर दुसरा विचारच नव्हता. आपल्या धानाच्या बांधीत, तलावात सापडणारी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, ती घरी ठेवणं गुन्हा आहे. पावसाळ्यात पोरं माझ्याकडे पिल्लं घेऊन येतात, मी त्यांना जिथून आणलं तिथे सोडायला लावते. आणि बाजारात लाल कानाचं विदेशी कासव रुपयाएवढं मिळतं, ते जेवणाच्या ताटाएवढं होतं. मग लोक ते तलावात सोडतात. कृपा करून कोणी असं करू नका, गोल्डफिशसुद्धा सोडू नका. त्या तलावांवर कितीतरी घरांची चूल पेटते.

मग ९ लिटरमध्ये काय? मासाच हवा असेल तर एकच फायटर. तो मूळचा थायलंडकडचा, तिथल्या धानाच्या बांध्या आणि उथळ डबक्यांतला. वर येऊन हवेतून श्वास घ्यायची सोय त्याच्या अंगातच आहे, म्हणून आपला उन्हाळा त्याला इतरांपेक्षा बरा सोसतो. पण एकच. दोन नर ठेवले तर एकमेकांना फाडतात. तो उडीही मारतो, म्हणून टाकीला झाकण हवं. दिवसाला दोन-तीन दाणे पुरतात.

गप्पीचं पुष्कळ जण विचारतात, आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी विहिरीत आणि टाक्यांत सोडतात तेच मासे. जगतील, पण दोनाचे दोन राहणार नाहीत. मादी महिन्याभराने वीस-तीस पिल्लं देते. दोन महिन्यांनी ती कुठे ठेवाल?

आणि ज्या गोगलगायीला तुम्ही हसलात, तीच माझी सगळ्यात आवडती. रॅम्सहॉर्न म्हणतात तिला, बांगडीसारखा चपटा शंख असतो. लाल जातीचा रंग तिच्या रक्तातून येतो, कारण आपल्यासारखंच तिच्या रक्तातही हिमोग्लोबिन असतं. ती पाण्यावर येऊन हवा घेते, काचेवरचं शेवाळ खरवडते आणि पानामागे जेलीसारखी अंडी घालते. भिंग दिलं तर पोरगं अंड्याच्या आत फिरणारी पिल्लं पाहू शकतं. त्या फार वाढल्या तर समजायचं, आपण खाणं जास्त टाकतोय. तीन गोगलगायी आणि हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार काड्या, एवढ्यात ही टाकी भरलेली दिसते.

झिंगेसुद्धा ठेवता येतील, पण दिवाळीनंतर, टाकी जुनी झाल्यावर.

तुमची टाकी फेकू नका, रिकामीही करू नका. खिडकीपासून आणि टीव्हीवरून हलवा. आठवड्याला दोन लिटर पाणी बदला. नवं पाणी सकाळीच काढा. छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंघोळीलाही चटका देतं, तेच टाकीत पडलं तर जीव जागीच जातो. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते रात्रभर बादलीत उघडं ठेवा. उन्हाने टाकी तापलीच तर बर्फ टाकू नका, झाकण काढून जाळी बसवा आणि बाजूला छोटा पंखा लावा.

पोराला घेऊन या, भाऊ. येताना टाकीतलं पाणी एका बाटलीत आणा, अमोनिया किती आहे ते त्याच्यासमोरच तपासू. तीन गोगलगायी त्याला माझ्याकडून, पैसे नकोत. त्याने त्या दिवशी मला विचारलं होतं की झिंग्याला पाय किती, आणि गर्दीत मी त्याला थांब म्हटलं. त्याला सांगा, चालायचे दहा, आणि पोटाखाली पोहायचे वेगळे. दुकानातल्या टाकीत निघालेली एक अख्खी कात मी त्याच्यासाठी काडेपेटीत जपून ठेवली आहे, त्यात त्याला मोजता येतील.